वच्छलाबाईचा पाय कोणत्या गावचा

वच्छलाबाई कुणाकडे गेली की ओसरीच्या कडेलाच बसते. घरची सून तांब्या घेऊन येते, पाय धुवायला पाणी देते. ती दोन्ही हात पुढे करते, हातच धुते आणि म्हणते, "अठीच बरं वाटते माय, हवा येऊन राहिली." जुन्या बायांना हे ठाऊक आहे. त्या तांब्या देतात आणि दुसरीकडे पाहतात. नव्या सुनांना ठाऊक नसतं. त्या पाया पडायला वाकतात, तेव्हा वच्छलाबाई उजवा पाय पुढे करते आणि डावा लुगड्याखाली ओढून घेते. सून दुसऱ्या पायाची वाट पाहत क्षणभर तशीच वाकून राहते. मग वच्छलाबाईच तिच्या डोक्यावर हात ठेवते. "झालं माय, पोचलं."

डावा पाय गुडघ्यापासून खाली फुगत गेलेला आहे. घोटा कुठे संपतो आणि पाऊल कुठे सुरू होतं ते कळत नाही. कातडी जाड, काळपट, बोटांच्या बेचक्यांत ओली आणि फाटलेली. हत्तीपाय म्हणतात त्याला. तो डासामुळे होतो, दिसतो मात्र डास चावल्यानंतर कित्येक वर्षांनी. एकदा पाय असा सुजला की पूर्वीसारखा होत नाही. पण रोज धुतला, कोरडा ठेवला, भेगांना मलम लावलं, तर तो वाढायचा थांबतो आणि अंगात ताप भरत नाही. मिळण्यासारखं एवढंच आहे, आणि एवढं फुकट द्यायचं, घरी जाऊन शिकवायचं, असं सरकारने ठरवलेलं आहे. वच्छलाबाईपर्यंत ते मधली बरीच वर्षं पोचलं नाही.

लग्न होऊन ती सिरसघाटला आली, तेव्हा घराच्या मागल्या दारातून वैनगंगा दिसायची. धिवरांची वस्ती काठालाच होती. नवरा, डोमा, पहाटे डोंगा घेऊन निघायचा. उन्ह चढायच्या आत मरळ, झिंगे, जे सापडेल ते घेऊन यायचा, आणि वच्छलाबाई टोपली डोक्यावर घेऊन बाजाराची वाट धरायची. तिच्या चालण्याला वस्तीत नाव होतं. बरोबरीच्या बाया मागे पडायच्या, हाका मारायच्या. डोमा लोकांना सांगायचा, "माही बायको बाई नोहे जी, एसटी होय. ड्रायव्हरच्या मनात नसन तर थांब्यावर बी थांबत नाही."

मुलगा अंकुश झाला त्यानंतर कधीतरी पाय जड वाटायला लागला. संध्याकाळी सुजायचा, सकाळी उतरायचा. चालून चालून आला असेल, असं ती म्हणायची. मग एका सकाळी तो उतरला नाही.

सिरसघाटच्या उपकेंद्रात तेव्हा शुभांगी सिस्टर होत्या. वर्षातून एकदा त्या हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन दारोदार फिरायच्या. गोळी हातात देऊन पुढे जायच्या नाहीत. समोर गिळायला लावायच्या, मग तोंड उघडून जीभ वर करायला सांगायच्या. म्हातारे चिडवायचे, "सिस्टर, पोरगी द्याच्या टायमाले सासऱ्यानं बी माहे दात इतके नाही पाहिले." सिस्टर हसायच्या आणि म्हणायच्या, "जीभ वर." वच्छलाबाईच्या घरी त्यांची जास्त वेळ बैठक असायची. स्वतः पाय धुऊन द्यायच्या, मलम लावायच्या. डोमा जवळ उभा राहून पाहायला लागला की त्याला म्हणायच्या, "डोमाभाऊ, मी आहे ना. तुम्ही तुमचं जाळं सांभाळा." डोमा जाळं सांभाळायला निघून जायचा.

मग धरणाचं पाणी आलं. ते एका दिवसात आलं नाही. आधी नोटिसा आल्या, मग मोजणीवाले, मग ट्रक. सिरसघाट आणि शेजारचे दोन टोले, म्हणजे वाड्या, नदीच्या अलीकडे एका माळावर आणून वसवले. सरळ रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, घरांवर रंगाने काढलेले नंबर. तोंडाशी लोखंडी पाटी, तिच्यावर 'पुनर्वसन गट दोन'. शुभांगी सिस्टर पलीकडेच राहिल्या, पुढे त्यांची बदली झाली.

माळावर आलेल्या माणसांनी पाटीवरचं नाव कधी तोंडात घेतलं नाही. आपसात बोलताना ते 'कॉलनी' म्हणत. पण कोणी परक्याने गाव विचारलं की उत्तर एकच, सिरसघाट. लग्नाच्या पत्रिकेवर मुक्काम सिरसघाट छापायचं. पाहुणे वाट चुकायचे, फोन करायचे, मग कुणीतरी पोरगा मोटरसायकल घेऊन त्यांना आणायला जायचा. तरी पुढच्या पत्रिकेवर पुन्हा तेच. कोणी चुकून पुनर्वसनाचा म्हणून स्वतःची ओळख सांगितली, तर चौकात त्याला ऐकून घ्यावं लागे, "काहून रे, तू बी बुडाला का?"

डोमा अजून त्याच पाण्यात मासे धरतो. परत येताना लोक विचारतात, "आज कोनाच्या घरावर टाकलं जाळं?"

"सरपंचाच्या. तठी पहिलेपासूनच खायले लय."

स्वतःच्या घरावर तो जाळं टाकत नाही. तिथून डोंगा नेताना वल्हं पाण्याला जेमतेम लागेल एवढंच मारतो. हे तो कुणाला सांगत नाही. वच्छलाबाई एकदा सोबत बसून गेली होती, म्हणून तिला माहीत आहे.

सिस्टर नव्हत्या, म्हणून वच्छलाबाईचा पाय डोमाने हातात घेतला. पहिल्या दिवशी ती नाहीच म्हणाली. नवऱ्याने बायकोचा पाय धरायचा म्हणजे काय. शेवटी तिने त्याला दार लावून घ्यायला लावलं. काही महिन्यांनी ते दार कुणी लावेनासं झालं. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून बायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तेव्हा इकडे घरोघर कढत पाण्यात मीठ टाकून पाय शेकतात. लहान जखमेला जे चालतं ते मोठ्या पायाला का चालणार नाही, असा डोमाचा हिशेब. संध्याकाळी तो चुलीवर पाणी ठेवायचा, कडुनिंबाचा पाला आणि मीठ टाकायचा, हाताला सोसेल तितकं गरम ठेवायचा. मग जाड फडक्याने पाय घासून घासून कोरडा करायचा. वच्छलाबाई डोळे मिटून बसायची.

"बरं वाटते का वं?"

"हो जी."

एवढंच बोलणं व्हायचं, रोज.

पण पाय वाढत गेला. पावसाळा लागला की ताप यायचा. हुडहुडी भरायची, पाय लाल व्हायचा, तव्यासारखा तापायचा. मागच्या आखाडात तर तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन ठेवावं लागलं. बरेच दिवस ती शुद्धीत आणि बेशुद्धीत अशी ये-जा करत होती. तिथल्या तरुण डॉक्टरने डोमाला बाहेर बोलावून सांगितलं, "बाबा, असा एकेक झटका पाय वाढवतो. आणि कधी हे विष रक्तात गेलं तर आजी वाचणार नाहीत. पुढच्या पावसाळ्यात हे होता कामा नये. धुवायचं सामान, मलम, सगळं तुमच्या केंद्रात मिळतं. तिथे नाव आहे ना आजींचं?"

"असन जी," डोमा म्हणाला.

तो कॉलनीजवळच्या केंद्रात गेला. तिथल्या माणसाने गाव विचारलं. डोमाने सांगितलं, सिरसघाट. "ते पलीकडच्या केंद्रात येतं बाबा." दुसऱ्या दिवशी तो पुलावरून लांबचा वळसा घेऊन पलीकडच्या केंद्रात गेला. तिथली बाई कीव आल्यासारखं पाहत म्हणाली, "सिरसघाट? ते तर पाण्यात गेलं ना. आता तिथे कोणी नाही."

घरी येऊन त्याने खुंटीला पिशवी अडकवली. "का वं, आपन दोघं बी मेलो म्हनते पलीकडं."

"मंग चहा ठेवू का नोको?" वच्छलाबाईने विचारलं.

नाल्यापलीकडच्या गावात अंजू नावाची आशाताई आहे. तिची हद्द नाल्यापाशी संपते, पण बाजाराच्या दिवशी येता-जाता ती वच्छलाबाईच्या ओसरीत टेकते. तिने हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आत्याबाई, तालुक्याले जनसुनावणी आहे. साहेब लोक समोर बसतेत, आपन इचाराचं, त्यायनं तठीच उत्तर द्याचं. चाला ना."

"इतक्या लोकायसमोर? हा पाय घेऊन?"

"पाय घरी ठेवून ये मंग," डोमा जाळ्याची गाठ ओढत म्हणाला.

उन्हाळी धान कापून झालं होतं, शेतातल्या बांध्या रिकाम्या पडल्या होत्या, मृगाला फार दिवस उरले नव्हते. त्या रात्री जेवताना तिने डोमाच्या ताटात भात वाढला आणि हात तसाच ठेवून म्हणाली, "जाऊ. औंदा बी ताप आला नि मी गेली, तर तुमच्या हातचा करपलेला भात तुमालेच खावा लागन."

डोमाने मान खाली घातली आणि भात कालवत राहिला.

सुनावणी पंचायत समितीच्या सभागृहात होती. टेबलावर पांढरी चादर, मागे पंखे, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. आरोग्य खात्याचे साहेब मध्ये बसले होते. चाळिशीतले, आवाज मऊ, सारखे घाम पुसत होते. वच्छलाबाई शेवटच्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर बसली. लुगडं पुढे ओढून तिने पाय झाकला.

आधी बऱ्याच गावांचं झालं. कुठे सिस्टर नाहीत, कुठे सर्पदंशाचं इंजेक्शन नाही, कुठे इमारत आहे आणि पाणी नाही. साहेब ऐकत होते, बाजूच्या माणसाला टिपायला सांगत होते. मग अंजू उठली. गट दोनमध्ये हत्तीपायाची आजी आहे, आणखीही असतील, तिथे ना गोळ्या येतात ना मलम, ही जबाबदारी नेमकी कुणाची, असं तिने विचारलं.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. "गट दोन कुणाकडे आहे?"

एक तरुण उभा राहिला. हेमराज, अलीकडच्या केंद्राचा आरोग्यसेवक. त्याला पाहताच वच्छलाबाईने पदर पुढे घेतला. हा पोरगा मागच्या साली तिच्या ओसरीत आला होता, तिने त्याला ताक दिलं होतं.

"सर, मी सर्वेला गेलो होतो," हेमराज म्हणाला. "एकूण एक घर फिरलो. सगळ्यांनी गाव सिरसघाट सांगितलं. सिरसघाट आपल्याकडे येत नाही, म्हणून ती सगळी घरं पलीकडच्या केंद्राला कळवली." तो थांबला. मग जरा चाचरत म्हणाला, "या आजींना तर मी म्हटलं होतं, पुनर्वसन लिहू का. तर त्या मलेच बोलल्या."

"काय बोलल्या?"

हेमराजने इकडेतिकडे पाहिलं. "म्हनल्या, तुह्या मायनं तुले पुनर्वसनात जलम देल्ला का. लिही सिरसघाट."

सभागृह हसलं. साहेबही हसले. पलीकडच्या केंद्राचे डॉक्टर उभे राहून म्हणाले, "आणि सर, सिरसघाट आमच्याकडून केव्हाच कमी झालंय. गाव बुडालं, तेव्हा लोकसंख्या शून्य केली. तिथली नावं आली, ती आम्ही चुकीची समजून परत पाठवली."

"म्हणजे आजी," साहेब मऊ आवाजात शेवटच्या रांगेकडे पाहत म्हणाले, "घोळ तुमच्या सगळ्यांच्या उत्तराने झाला म्हणायचा. आता नवं नाव सांगून टाका, मिटलं."

वच्छलाबाईला ते खरं वाटलं. ज्या नावाला आपण जीव लावून धरलं, त्यानेच आपला पाय असा केला, आणि आपल्यासारख्या अजून कुणाकुणाचा. हसणारी माणसं वाईट नव्हती, तिला ती ओळखीची वाटत होती. तिने खाली पाहिलं. डोमा शेजारीच होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त तिच्या खुर्चीचा हात धरून ठेवला, तिला उठायचं असेल तर खुर्ची सरकू नये म्हणून.

ती उठली. उठताना लुगडं वर गेलं आणि पाय सगळ्यांना दिसला. बसलेल्या माणसांचं हसणं हळूहळू थांबलं.

"साहेब, मी सिरसघाटची म्हनलं हे खरं," ती म्हणाली. "उद्या इचाराल तरी तेच सांगीन. पन हा पोरगा माह्या ओसरीत बसला होता. ताक पेला, बिचाऱ्यानं भांडं बी इसळून ठेवलं. पाय मी लपवला होता, तो आमी लपवतोच. लाज वाटते. पन बाबू, तुले पाय पाहायलेच धाडलं होतं ना? तू गाव इचारलं नि उठला."

हेमराज उभाच होता.

"गाव बुडालं म्हनता," ती पुढे बोलली, "बुडालं ते खरंच आहे. माहा पाय नाही बुडाला जी. तो माह्यासंग ट्रकात बसून आला."

ती बसली. बसताना खुर्ची करकरली, आणि डोमाने तिच्या लुगड्याची मुरड नीट केली.

साहेबांनी हेमराजला विचारलं, "पाहिला होतास?"

"नाही सर."

पलीकडच्या डॉक्टरांना विचारलं, "लोकसंख्या शून्य केली, तेव्हा ती माणसं कुठे गेली याची चौकशी कुणी केली?"

"सर, तेव्हा मी नव्हतो."

"तेव्हा मीही नव्हतो," साहेब म्हणाले. "पण ही खुर्ची होती." त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला. "आजी, घोळ तुमच्या उत्तराने झाला असं मी म्हटलं, ते चुकीचं म्हटलं. कोण कुठे राहतं हे आम्हाला माहीत हवं. गट दोन नावाला तुमची हरकत असेल..."

"आहे," वच्छलाबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

पुन्हा हसू उठलं, पण ते वेगळं होतं. साहेब म्हणाले, "मग आम्ही गाव विचारणार नाही. घर ज्या केंद्राच्या जवळ, ते केंद्र जबाबदार. दारावर नंबर आहेत, नंबरावर जा. आणि नुसतं विचारून येऊ नका, पाय पाहून या."

"कधी सर?" अंजूने विचारलं.

"मृगाच्या आधी."

मागून डोमाचा आवाज आला, "मृग दर सालीच येते साहेब. कोन्या सालच्या मृगाच्या आधी?"

"याच," साहेब म्हणाले, आणि बाजूच्या माणसाला तेही लिहायला लावलं.

गोष्ट इथे गोड झाली असं नाही. पुढच्या आठवड्यात कॉलनीत गोळ्यांचं पथक आलं, घरोघर फिरलं. आणखी पाच-सहा पाय निघाले. त्यातले दोन तर असे, की शेजाऱ्यांनाही माहीत नव्हते. निळा टब, पाण्याचा मग, साबण, टॉवेल आले. मलम आलं नाही. पुढच्या खेपेला येईल, असं सांगितलं. पुढच्या खेपेलाही आलं नाही. अंजूने साहेबांचा नंबर मिळवला होता, ती फोन करत राहिली. साहेब फोन उचलायचे. कधी पाठवलंय म्हणायचे, कधी विचारतो म्हणायचे. डोमा वेगळ्या पद्धतीने मागे लागला. मासे विकले की तो केंद्राच्या व्हरांड्यात जाऊन बाकावर बसायचा.

"बाबा, काय पाहिजे?"

"मलम."

"आलं नाही अजून."

"मंग बसतो."

त्याच्या अंगाला मासळीचा वास असायचा. तिथल्या लोकांनी आधी खिडकी उघडली, मग त्याला चहा द्यायला लागले, मग एक दिवस कुणीतरी गाडी काढून तालुक्याला गेलं. मृगाला दोन-तीन दिवस असताना हेमराज मलमाच्या ट्यूबा घेऊन वच्छलाबाईच्या दारात उभा राहिला.

त्याने चप्पल बाहेर काढली आणि खाली जमिनीवर बसला. "आजी, द्या पाय."

वच्छलाबाईने डोमाकडे पाहिलं. डोमाने मान हलवली. शुभांगी सिस्टर गेल्यापासून घरात त्याच्याशिवाय या पायाला कुणी हात लावला नव्हता. तिने पाय पुढे केला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं, लहान मुलं सुई टोचून घेताना फिरवतात तसं.

"थांब बाबू, पानी आणतो," डोमा उत्साहाने आत गेला. त्याने सकाळपासूनच तयारी ठेवली होती. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा गंज होता, त्या पातेल्यातून वाफ निघत होती, वर कडुनिंबाची पानं तरंगत होती.

"गरम नोको बाबा," हेमराज म्हणाला. "साधं पाहिजे. आणि मीठ गीठ टाकलं नाही ना?"

"टाकतो ना. चिखल्यायले टाकतेतच."

"याले नाही चालत." हेमराज मान खाली घालून टबात साबण विरघळवत होता. त्याने वर पाहिलंच नाही. "गरम पाण्यानं, मिठानं कातडं फाटते. जोरानं पुसलं तर अजून फाटते. त्याच फटीतून जंतू आत जाते, त्याच्यानंच तर ताप येते. साधं पाणी, हलका हात, टिपून कोरडं करायचं. एवढंच."

साबण विरघळल्यावर त्याने मान वर केली. डोमा गंज धरून उभा होता. वाफ त्याच्या तोंडावर येत होती आणि त्याला ती कळत नव्हती.

हेमराजला कळलं. तो ओल्या हातांनी तसाच बसून राहिला. "बाबा," तो हळू म्हणाला, "तुमाले कोनी सांगतलंच नव्हतं. सांगाचं काम आमचं होतं. मी मागच्या सालीच सांगाले पाहिजे होतं."

डोमाने गंज खाली ठेवला आणि तो बाहेर निघून गेला.

हेमराजने पाय धुतला. बोटांच्या बेचक्यांत हळू बोट फिरवलं, टॉवेलने टिपलं, मलम लावलं. पाय उशीवर उंच ठेवायला सांगितलं. जाताना तो वच्छलाबाईच्या पाया पडला, आणि या वेळी तिने पाय ओढून घेतला नाही. ती वेळेवर ओढायचंच विसरली होती. तिचं लक्ष रस्त्याकडे होतं.

डोमा दिवस कलताना आला. जाळं कोरडंच होतं. पाण्याकडे गेला होता, पण जाळं टाकलं नव्हतं. ओसरीच्या खांबाला टेकून तो बसला.

"पाय धुवाचा आहे ना," वच्छलाबाई म्हणाली. "दोन येळा धुवा म्हनला तो."

"हेमराज करन आता."

"तो हप्त्यातून एकडाव येईन. बाकीच्या दिवशी कोन?"

डोमाने आपले हात पुढे धरले आणि पाहत राहिला. जाळ्याच्या दोऱ्यांनी घट्टे पडलेले, रुंद हात. "याच हातायनं वाटोळं केलं वं मी. इतके वर्स." मग म्हणाला, "पोळत होतं ना?"

"पोळत होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

वच्छलाबाईने पदराने तोंड पुसलं. बाहेर गार वारा सुटला होता, माळावरची धूळ रस्त्याने चालली होती.

"तुमी तसं इचारलंच नाही," ती म्हणाली. "तुमी इचारलं, बरं वाटते का. ते वाटत होतं."

डोमा उठून आत गेला. निळा टब आणला, रांजणातलं पाणी तांब्या-तांब्याने ओतलं, प्रत्येक वेळी त्यात बोट बुडवून पाहिलं. तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि पाय मांडीवर घेतला. जाळ्यात आलेली पिलावळ पुन्हा पाण्यात सोडताना तो बोटं जशी ढिली करतो, तशी त्याने ढिली केली. साबण लावला, बेचक्यांतून पाणी सोडलं. टॉवेल घेतल्यावर हात सवयीने घासायला निघाला, तो त्याने थांबवला आणि नुसता टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला.

"थंडं लागते का?" त्याने विचारलं.

"थोडंसं."

"बदलू?"

"नोको, असू द्या." तिने मलमाची ट्यूब त्याच्या हातात दिली. त्याने झाकण दातांनी उघडलं, तशी ती ओरडली, "दातानं कायले, इख असन त्यात." तो हसला. मलम लावून झाल्यावर तो टब उचलायला वाकला, तेव्हा वच्छलाबाईने उजवा पायही पुढे केला.

"हा बी धुवा," ती म्हणाली. "आयुष्यभर दोघायचं वजन यानंच ओढलं."